रीसिग बाईंची निवडणूक

ऑक्टोबर अर्धा सरला तोवर रीसिग बाई हरणार हे बेल्मरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं.

साखरेच्या बीटची काढणी चालू होती. रस्त्यावर ट्रकांच्या चाकांनी आणलेला चिखल, वळणावळणावर सांडलेले बीट, आणि प्रत्येक कुंपणाला वेन्डेल ऑस्ट्रँडरची निळी पाटी. बाईंच्या पाट्या पिवळ्या होत्या. निम्म्या वादळानं नेल्या. उरलेल्यांतल्या काही त्यांच्याच शाळेच्या आवारामागे उपटून टाकलेल्या सापडल्या, आणि त्या कोणी उपटल्या असतील हे बाईंना अंदाजानं कळत होतं. चेहरे त्यांच्याच वर्गातले होते.

राज्य शिक्षण मंडळाची ही जागा म्हणजे राज्याचा सगळा पश्चिम भाग. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडीनं जायचं तर सकाळी निघालेल्याला संध्याकाळ व्हायची. डार्ला रीसिग बाई बेल्मरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. शनिवार-रविवारी त्यांचे यजमान लायल गाडी चालवायचे आणि बाई मागच्या सीटवर वह्या तपासायच्या. कुठल्या तरी गावात चर्चच्या तळघरात बारा-पंधरा म्हातारी माणसं कॉफी पीत बसलेली असायची. ती बाईंचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि शेवटी एखादी आजी म्हणायची, "तुमचं पटतं हो. पण वेन्डेलनं आमच्या मुलांना बारावीचा डिप्लोमा दिलाय ना."

वेन्डेल ऑस्ट्रँडर या खोऱ्यातल्या शाळांचे अधीक्षक होते. नुकतेच निवृत्त झालेले. उंच, हसरे, कोणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांच्या आधी जेवणाचं भांडं घेऊन पोचणारे. अशा माणसाविरुद्ध बोलायचं म्हणजे स्वतःलाच वाईट ठरवून घेणं.

बाई उभ्या राहिल्या त्या एका मुलीमुळे. पण हे प्रचार सांभाळणारी इनेझ पॅकर आणि लायल सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही मुलीचं नाव बाईंनी सांगितलं नव्हतं.

मुलीचं नाव टेगन मॅकब्राइड. आदल्या वर्षी नववीत बाईंच्या वर्गात आली तेव्हा तिची कीर्ती तिच्या आधी येऊन पोचली होती: उलट बोलते, वर्गात टिकत नाही. वाचायला सांगितलं की ती असं काही बोलायची की वर्ग खदखदून हसायचा आणि तिला बाहेर जावं लागायचं. एकदा बाईंनी छोटी चाचणी घेतली. टेगनचा कागद तपासायला घेतला तर उत्तरं शेजारच्या मुलीची होती. त्यात नवल नव्हतं. पण कागदावर वरती नावही शेजारच्या मुलीचंच होतं. टेगननं ते जसंच्या तसं, अक्षरांच्या आकारासकट, उतरवून काढलं होतं.

बाईंनी तो कागद गठ्ठ्यातून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एकटीला थांबवलं. आधी टेगननं टाळाटाळ केली, मग शिव्या दिल्या, मग रडली. शाळेत इतकी वर्षं काढून तिला दुकानाच्या पाटीपलीकडे वाचता येत नव्हतं. लहानपणी वाचनासाठी शाळेकडून मदत मिळाली होती, पण ती मदत तिसरीपर्यंतच असायची. चौथीपासून सगळे धरून चालायचे की मूल वाचतं. आई घर सोडून गेलेली. बाप फीडलॉटवर, जिथे हजारो गुरं खाऊ घालून पोसतात तिथे, खाद्याचा ट्रक चालवणारा. टेगननं अट घातली. कोणाला कळता कामा नये. बापालाही नाही.

"कळलं तर मी शाळा सोडीन, बाई. खरंच सोडीन."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

शाळा भरायच्या आधी, मुलांना स्वयंपाक शिकवायच्या वर्गात, शेगड्यांच्या मधल्या टेबलावर त्यांचा अभ्यास सुरू झाला. थंडीत टेगन हात शेगडीवर शेकायची आणि मग ओळीखाली बोट धरायची. मार्चच्या सुमाराला तिला पान वाचता येऊ लागलं, अडखळत, घाम गाळत. त्याच दिवसांत एका सकाळी तिनं बिस्किटचं सांगितलं.

बिस्किट हे तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं वासरू. नववीत येण्याआधीच्या उन्हाळ्यात जत्रेतल्या गुरांच्या प्रदर्शनात ती त्याला दाखवणार होती. जत्रेच्या आठवड्यात ते आजारी पडलं आणि मेलं. गाव हळहळलं. जत्रेच्या मिरवणुकीत तिला सगळ्यांत पुढे झेंडा घेऊन चालवलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वासरू हगवणीनं गेलं असंच सगळे समजत होते. पण औषध टेगननंच पाजलं होतं, आणि बाटलीवर मोठ्या गाईला किती आणि वासराला किती हे लिहिलेलं होतं.

"मी झेंडा घेऊन चालत होते," टेगन म्हणाली. "आणि लोक टाळ्या वाजवत होते."

बाईंनी वाचनासाठी वेगळा शिक्षक मागितला. मुख्याध्यापकांनी हात वर केले. बाई वेन्डेलकडे गेल्या, तेव्हा ते खुर्चीवर होते. ते शांतपणे म्हणाले की नववीपर्यंत आलेल्या मुलाला वाचायला शिकवण्याची वेळ टळलेली असते, त्याच्या हातांना काम शिकवावं. वर हेही कळलं की एक-दोन वर्षांत बाईंची जागाही राहणार नव्हती. शेजारच्या गावच्या शाळेत हायस्कूल मिसळायचं ठरत होतं. मदत तिसरीऐवजी बारावीपर्यंत द्यायची सक्ती फक्त राज्य मंडळच करू शकत होतं, आणि मंडळावरची जागा रिकामी होत होती. म्हणून बाईंनी अर्ज भरला.

आता निवडणूक तोंडावर आली होती आणि शिक्षक संघटनेनं हात काढून घेतला होता. हरणाऱ्या घोड्यावर पैसे कोण लावतो? प्रचाराचं सगळं पाहणारी इनेझ ही शाळेची जुनी ग्रंथपाल, फटकळ बाई. ती दिवसभर फोनला चिकटून असायची आणि संध्याकाळी म्हणायची, "आजही कोणी हो म्हणालं नाही." बाईंची झोप उडाली होती. त्या गाडीत बसल्या बसल्या भाषण पुटपुटायच्या आणि मधेच गप्प व्हायच्या.

"हरलीस म्हणून आभाळ कोसळत नाही, डार्ला," लायल एकदा म्हणाले.

"तुझं नाही कोसळत," बाई म्हणाल्या. जिचं कोसळणार होतं तिचं नाव त्यांना घेता येत नव्हतं.

शेवटची चर्चासभा जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात होती. रेडिओवरून ती खोरंभर ऐकू जात होती. सभागृह भरलं होतं. बाईंनी आकडे मांडले. लोक जांभया देत होते. मग वेन्डेल उठले, माइकपासून थोडे दूर उभे राहिले, घरात बोलावं तसं बोलले.

"मी या शाळांत सगळं आयुष्य काढलं. डार्ला माझी जुनी सहकारी आहे, तिचं मन चांगलं आहे. पण हायस्कुलात येऊन वाचता येत नाही असं आपल्या खोऱ्यातलं एक मूल मला दाखवा. एकच. मी आत्ता, इथंच माघार घेतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टी मारली. बाईंनी पाहिलं, पहिल्या रांगेत त्यांच्याच शाळेतल्या दोन शिक्षिका टाळ्या वाजवत होत्या. संपलं, त्यांना वाटलं. त्या उठल्या तेव्हा काय बोलणार हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात आहे."

आणि मग थांबता आलं नाही. नाव घ्यायचं नाही एवढं भान होतं, तेवढंच. दुसऱ्याच्या कागदावरून नाव उतरवणारी मुलगी त्यांनी सांगितली. औषधाची बाटली सांगितली. आपल्या हातांनी मारलेलं वासरू, आणि त्याच वासराच्या नावानं मिळालेल्या टाळ्या. "याच मैदानात," बाई म्हणाल्या, "तुम्हीच वाजवल्या होत्या."

वेन्डेलचा चेहरा पांढरा पडला होता. मग मागून कोणीतरी उभं राहिलं, मग दुसरं, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. इनेझनं बाईंचा दंड धरला. "जिंकलो गं," ती म्हणाली. "आता जिंकलो आपण."

गाडीत बसल्यावर लायलनी किल्ली फिरवली नाही. समोर बघत ते म्हणाले, "वासरू मेल्यावर झेंडा धरलेली पोर एकच होती ना?"

बाईंचे हात मांडीवर उताणे पडले होते.

सकाळी स्वयंपाकाच्या वर्गात त्या वाट बघत बसल्या. टेगन आली ती शाळा भरल्यावर, मान ताठ ठेवून. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुलांनी ती दिसताच हंबरायला सुरुवात केली. कोणीतरी तिच्या लॉकरवर औषधाच्या बाटलीचं लेबल चिकटवलं आणि म्हणालं, "वाच की गं, मोठ्यानं वाच." टेगननं लेबल फाडलं नाही. ती सरळ दाराबाहेर चालू लागली आणि महामार्गाच्या कडेकडेनं घरी गेली.

शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी पोचल्या. रेल्वेरुळांपलीकडे दोन खोल्यांचं चाकांवरचं घर. दार टेगनच्या बापानं, रॉय्सनं उघडलं. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. बाई दिसल्या की रस्त्यात ट्रक थांबवून टोपी काढणारा. आज टोपी डोक्यावरच राहिली.

"मी ट्रकमध्ये होतो, बाई," तो म्हणाला. "गुरांना खाद्य टाकत होतो. रेडिओ चालू होता."

"रॉय्स, मी नाव नाही घेतलं."

"नाव घ्यायचं राहिलं होतं कुठं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "बाप आहे मी तिचा. पोरीला वाचता येत नाही हे मला आणि अख्ख्या गावाला एकाच वेळी कळलं. वर्षभर तुम्हाला माहीत होतं. माझ्याशी बोलायला काय झालं होतं? मी काय तिला मारलं असतं?"

तिनंच नको म्हटलं होतं, हे बाईंच्या ओठावर आलं आणि त्यांनी ते गिळलं. तिनं नको म्हटलेलं त्यांनी कुठं पाळलं होतं!

टेगन आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"बिस्किटचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणखी कुणालाच नाही."

"मी चुकले, टेगन. मी उद्याच माघार घेते. सगळ्यांना सांगते की—"

"काय सांगता? खोटं होतं म्हणून?" टेगन हसली. वर्गात हसायची तशी नाही. "जा ना बाई तुम्ही. प्लीज जा."

रॉय्सनं दार ओढून घेता घेता म्हटलं, "माघारबिघार घेऊ नका. पोरीची अब्रू गेली ती गेली. आता हरलात तर फुकटच गेली म्हणायची."

आठवडा संपायच्या आत त्यानं टेगनला शेजारच्या व्हायोमिंग राज्यात आपल्या बहिणीकडे पोचवलं. शाळेत तिचं नाव काढून टाकल्याचा शिक्का बसला.

आणि मतं बाईंकडे वळायला लागली. राजधानीतून वार्ताहर आले, टीव्हीवाले आले. इनेझला फोन खाली ठेवायला सवड मिळेना. कुठल्या कुठल्या गावांतून माणसं बोलायची. एका आईनं सांगितलं की तिचा मुलगा रात्री उशीत तोंड खुपसून पुस्तकाला शिव्या देतो. उत्तरेकडच्या टेकड्यांतल्या एका म्हाताऱ्या पशुपालकानं फोन केला. लग्न झाल्यापासून त्याचं टपाल बायको वाचून दाखवायची. ती उन्हाळ्यात गेली. "पेटीत टपाल साठत चाललंय," तो म्हणाला. "उघडून काय करू?"

टीव्हीवर वासराची गोष्ट पुन्हा सांग म्हणून इनेझ मागे लागली. बाई नाही म्हणाल्या.

"अगं, सगळ्या जगानं ऐकलीय ती. आता लपवून कोणाचं भलं होणार आहे?"

"नाही म्हटलं ना, इनेझ."

इनेझ चिडली. दोन दिवस बोलली नाही. पण बाईंनी ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढली नाही. काढायची गरजही नव्हती. बाई प्रश्नावर अडखळल्या की लोकांना ती आपोआप आठवायची, आणि बाईंना तेही दिसत होतं.

किराणा दुकानाबाहेर वेन्डेल भेटले. त्यांच्या हातात दुधाचा कॅन होता. ते दोन आठवड्यांत वयानं वाढल्यासारखे दिसत होते. त्यांनी माघार घेतली नव्हती, आणि भर सभेत दिलेला तो शब्द त्यांना टोचत असावा.

"ती मुलगी चौथीत गेली तेव्हा शाळा माझ्या हाताखाली होती," ते म्हणाले. "ते माझ्या माथी आहे, नाही म्हणत नाही. पण डार्ला, त्या पोरीला विचारलं तर तुझ्यापेक्षा मीच परवडलो म्हणेल."

बाईंना वाटलं यांच्या तोंडावर काहीतरी फेकावं. पण फेकण्यासारखं काही सापडलं नाही, कारण माणूस खरं बोलत होता.

निकालाच्या संध्याकाळी इनेझच्या घरी मोठ्या पातेल्यात राजमा-खिम्याची चिली शिजत होती, बाजूला दालचिनीच्या गोड रोल्सची परात. सुरुवातीला बाई मागे होत्या. मग उत्तरेकडची गावं आली, टेकड्यांतली, जिथे त्या फार तर एकदा गेल्या होत्या. आकडा सरकत सरकत वेन्डेलच्या जरासा पुढे गेला आणि तिथेच थांबला. इनेझ ओरडली. लायलनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी गावागावांची मतं वाचून दाखवत होतं. बेल्मरमध्ये बाई हरल्या होत्या. नुसत्या हरल्या नव्हत्या, साफ पडल्या होत्या. ज्या गावात आयुष्य घातलं त्या गावानं त्यांना नको म्हटलं होतं, आणि ते ज्या कारणानं म्हटलं ते बाईंना मान्य होतं. त्या न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड हमसून हमसून रडल्या. बाहेर लोक त्यांच्या नावानं टाळ्या वाजवत होते.

जानेवारीत त्यांनी शपथ घेतली. ठराव लगेच झाला नाही. सभेमागून सभा गेल्या, पैसा कुठून आणायचा यावर वाद झाले. वसंतात एका मताच्या फरकानं तो मंजूर झाला: वाचनात मागे पडलेल्या मुलाला बारावीपर्यंत मदत मिळालीच पाहिजे. लोकांनी बाईंचे हात हातात घेतले. बाई आभार मानत होत्या आणि त्यांना आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

टेगनकडे त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा रस्त्याला बर्फ होतं. ती आत्याबरोबर महामार्गावरच्या एका मोटेलात खोल्या साफ करायची. बाईंना पाहून तिनं चादरींची गाडी ढकलत नेली आणि खोलीत शिरून दार आतून लावून घेतलं. बाई ओसरीवर वारा झोंबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. दुसऱ्या खेपेला टेगन मोटेलात नव्हती, किंवा नाही असं आत्यानं सांगितलं. लायल म्हणाले, "तिच्यासाठी जातेयस की तुला बरं वाटावं म्हणून जातेयस?" पण त्या पुन्हा गेल्या.

मे महिन्यातली गोष्ट. टेगन कपडे धुण्याच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. यंत्रं घरघरत होती, हवेत साबणाची वाफ होती. या वेळी तिनं दार लावलं नाही. बाई दाराशीच थांबल्या.

"ठराव पास झाला म्हणे," टेगन म्हणाली, मान वर न करता.

"हो."

"चांगलं झालं."

ती घड्या घालत राहिली. बाईंनी क्षमा मागितली. प्रवासभर जुळवलेली वाक्यं बाजूला राहिली, नुसतं "मी तुझा विश्वास मोडला" एवढंच बोलता आलं. टेगननं ते ऐकून घेतलं. घड्यांची चळत फळीवर ठेवून ती वळली.

"मला लायसन्स काढायचंय. गाडीचं. त्याची लेखी परीक्षा असते."

बाई एक पाऊल आत आल्या. "मी दर शनिवारी येते. आजपासून—"

"तुमच्याकडून नाही," टेगन म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "तुमच्याकडून मी आता नाही शिकू शकत. पण इथं शिकवणारं कुणी असेल तर बघून द्या. तुम्हाला माणसं माहीत असतात. आणि माझ्याबद्दल त्यांना काही सांगू नका. काहीच नाही."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या, आणि पुढे शब्द देते असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

त्याच दुपारी बाई तिथल्या गावच्या वाचनालयात गेल्या. तिथे मोठ्या माणसांना वाचायला शिकवणाऱ्या एक निवृत्त परिचारिका होत्या, ओडेसा क्लाइन नावाच्या. मुलगी कुठून आली, काय झालं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, हुशार आहे, सकाळी लवकर यायची तिला सवय आहे, बाकी तिला वाटलं तर तीच सांगेल. क्लाइनबाईंनी मंगळवार आणि गुरुवार दिला. बाईंनी तो निरोप आत्यापाशी ठेवला. टेगन वरच्या मजल्यावर होती. झाडू चालल्याचा आवाज येत होता.

बाई गाडीत बसल्या. सोमवारी सकाळी मंडळाची बैठक होती, त्यासाठी राज्य ओलांडून जायचं होतं. राज्याच्या सीमेपाशी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण समोरचं दिसेना झालं होतं. बाजूनं कोळशाची लांबलचक मालगाडी जात होती. ती सगळी जाईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मग तोंड पुसलं आणि निघाल्या.